दीर्घिकांचा शेजार

जनगणनेचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना त्याची तऱ्हा ठाऊक असते. प्रगणक दारात उभा राहतो, घरातील माणसे मोजतो, त्यांचे वय, शिक्षण, धंदा, घराच्या भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, हे सारे टिपून घेतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. २०११ सालच्या जनगणनेत ह्या कामाचा काही भाग माझ्या देखरेखीखाली झाला. भरलेल्या तक्त्यांचे गठ्ठे चाळताना मला एकाएकी जाणवले की, त्यांत सगळ्या गोष्टींना रकाना होता, फक्त शेजाराला नव्हता. वस्तुतः माणूस घडतो तो जितका आपल्या घरात, तितकाच शेजाऱ्यापाजाऱ्यांत. रानातल्या वस्तीवर वाढलेले पोर आणि बाजारपेठेतल्या माडीवर वाढलेले पोर एकाच रक्ताची असली तरी सारखी निपजत नाहीत. परंतु सुटी सुटी घरे मोजणे सोपे असते. त्यांच्यामधले येणेजाणे मोजणे कठीण. म्हणून मोजदाद करणारा घरे मोजतो, आणि हळूहळू त्याला वाटू लागते की, घर हीच काय ती खरी वस्तू.

खगोलशास्त्राचा इतिहास वाचताना मला ह्या अनुभवाची आठवण झाली. मी शास्त्रज्ञ नव्हे. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय आणि सरकारी नोकरी हा व्यवसाय. तरीही आकाशातील दीर्घिकांची शिरगणती करणाऱ्या विद्वानांनाही नेमका हाच मोह पडला होता, आणि त्यातून बाहेर पडायला त्यांना सुमारे अर्धशतक लागले, ही कथा इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही सांगण्यासारखी वाटते.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ ह्यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला संसार. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तिचा व्यास सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे आहे. अशा दीर्घिकांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक सर्पिल, म्हणजे चकतीसारख्या आणि भोवऱ्याप्रमाणे वळलेल्या भुजा असलेल्या. ह्यांत वायू मुबलक असतो आणि नवे निळसर तारे जन्मत असतात. दुसऱ्या लंबवर्तुळाकार, ह्यांत वायू जवळजवळ संपलेला, तारे जुने आणि तांबूस, नवा जन्म क्वचितच. ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे: आकार चकतीचा, पण भुजा नाहीत आणि वायूही नाही. त्याला भिंगाकार म्हणतात. प्रश्न असा की, एक दीर्घिका तरुण आणि दुसरी विझलेली, हा भेद जन्माने ठरतो की सहवासाने?

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी अंतरांची कल्पना करून घेणे आवश्यक आहे. कारण सारा गैरसमज तेथूनच सुरू झाला. सूर्याचा आकार वाटाण्याएवढा मानला आणि तो वाटाणा पुण्याला ठेवला, तर सूर्याला सर्वांत जवळचा तारा कोल्हापूरच्या आसपास येईल. दोन वाटाण्यांमध्ये एवढे रिकामे रान! तेव्हा ताऱ्यांची टक्कर ही जवळजवळ अशक्य गोष्ट होय. पण दीर्घिकांची गोष्ट निराळी. आपल्या आकाशगंगेला फूटभर व्यासाचे ताट मानले, तर तिची मोठी शेजारीण देवयानी दीर्घिका अवघ्या पंचवीस फुटांवर मांडलेली दिसेल. म्हणजे एकाच ओसरीवर. जेथे दीर्घिकांची दाटी आहे, अशा समूहांच्या मध्यभागी तर ही ताटे लग्नाच्या पंगतीप्रमाणे कडेला कड लावून मांडलेली असतात. ताऱ्यांच्या मानाने विश्व ओस आहे. दीर्घिकांच्या मानाने ते गजबजलेले आहे. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांची दिशाभूल झाली.

इतिहासाचा विनोद असा की, मनुष्याने दीर्घिकेची सर्पिल रचना प्रथम पाहिली तीच मुळी शेजाऱ्यासकट. १८४५ च्या वसंत ऋतूत आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस ह्या जमीनदाराने आपल्या वाड्याच्या आवारात बांधलेली प्रचंड दुर्बीण आकाशाकडे वळविली. तिचा धातूचा आरसा सहा फूट व्यासाचा होता. शामशबल तारकासमूहातील एका तेजोमेघात त्याला भोवऱ्यासारख्या भुजा दिसल्या आणि त्यांपैकी एका भुजेच्या टोकाशी चिकटल्यासारखा दुसरा एक लहान तेजोगोल दिसला. रॉसने दोन्ही गोष्टी चित्रात प्रामाणिकपणे रेखाटल्या. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ सुरू झाला आणि वेधकामात खंड पडला. पण चित्र युरोपभर गाजले. सर्वांनी भोवरा पाहिला; भुजेच्या टोकाशी असलेल्या सोबत्याकडे मात्र पुढे शंभर वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८७७ साली फ्रान्समधील मार्सेय येथे एदुआर स्तेफाँ ह्याने महाश्व तारकासमूहात पाच तेजोमेघांचा एक चिमुकला घोळका शोधून काढला. तोही नोंदवहीत जाऊन पडला. ह्या पाचांची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

हे तेजोमेघ आपल्याच आकाशगंगेतील ढग आहेत की तिच्यापलीकडची स्वतंत्र विश्वे आहेत, हा वाद एडविन हबल ह्याच्या कामाने मिटला. देवयानीतील स्पंदनशील ताऱ्यांवरून त्याने तिचे अंतर काढले आणि १९२५ च्या आरंभी ते जाहीर झाले. देवयानी आकाशगंगेच्या फार बाहेर होती. दीर्घिकांना विश्वसागरातील बेटे म्हणण्याचा प्रघात त्यापूर्वीच पडला होता. आता ती उपमा सिद्धान्ताच्या योग्यतेला पोचली. १९२६ साली हबलने दीर्घिकांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. ते इतके सुटसुटीत होते की, आजही वापरात आहे. वर्गात न बसणाऱ्या वेड्यावाकड्या दीर्घिका त्याला शेकडा दोन-तीनच आढळल्या आणि त्याने त्या बाजूला ठेवल्या.

येथे कोणालाही दोष द्यावयाचा नाही. नवीन प्रांत हाती आल्यावर पहिला पाहणीदार आधी सरळ धोपटमार्गी गावे नोंदवितो. भांडणाची गावे मागाहून. शिवाय हबलच्या नजरेतून शेजार सर्वस्वी सुटला होता असेही नाही. मिल्टन ह्युमसन ह्या सहकाऱ्याबरोबर १९३१ साली लिहिलेल्या प्रबंधात त्याने नमूद केले आहे की, दाट समूहांत लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे प्राबल्य असते आणि मोकळ्या अवकाशात सर्पिलांचे. पुढे पन्नास वर्षांनी ज्या गोष्टीने सारे क्षेत्र ढवळून निघाले, ती अशी जाता जाता लिहिली गेली. पण बेटाला शेजार नसतो, आणि बेटाच्या उपमेने विचार करणाऱ्याला शेजाराचा प्रश्न सुचत नाही.

तो प्रश्न सुचला तो एका तऱ्हेवाईक माणसाला. फ्रित्झ झ्विकी हा स्विस वंशाचा पदार्थवैज्ञानिक कॅलिफोर्नियात काम करीत होता. अरुंधती केश ह्या तारकासमूहाच्या दिशेला, आजच्या मापाने सुमारे बत्तीस कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक दाट समूह आहे. त्यातील दीर्घिकांचे वेग झ्विकीने १९३३ साली तपासले. ते सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात एकमेकांपासून भिन्न होते. एवढ्या वेगाने धावणारी मंडळी केव्हाच पांगून जावयास हवी होती. पण समूह तर टिकून होता. तेव्हा दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट न दिसणारे द्रव्य त्यांना बांधून ठेवीत असले पाहिजे, असे त्याने अनुमान केले. दीर्घिका एकेकट्या राहत नसून एका मोठ्या, अदृश्य वाड्यात नांदत आहेत, असा ह्याचा अर्थ होता. पुढे १९५० नंतरच्या काळात त्याने दोन दीर्घिकांना जोडणाऱ्या ताऱ्यांच्या पुलांची छायाचित्रेही प्रसिद्ध केली. पण झ्विकीची जीभ तिखट होती, सहकाऱ्यांशी त्याचे पटत नसे, आणि त्याचे बरेचसे बोलणे दीर्घकाळ कानाआड गेले. माणसाच्या स्वभावामुळे त्याच्या म्हणण्याची किंमत कमी होणे हा प्रकार केवळ सरकारी कचेऱ्यांतच घडतो असे नाही.

दुसरे महायुद्ध चालू असताना स्वीडनमधील लुंड येथे एरिक होल्मबर्ग ह्या ज्योतिषशास्त्रज्ञाने जो प्रयोग केला, तो मला ह्या साऱ्या कथेतील सर्वांत मनोहर प्रसंग वाटतो. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होईल, हे त्याला काढावयाचे होते. गणित हातांनी होण्यासारखे नव्हते आणि गणकयंत्रे अद्याप जन्मली नव्हती. होल्मबर्गला युक्ती सुचली. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते. दिव्याचा प्रकाशही त्याच नियमाने कमी होतो. मग ताऱ्यांच्या ऐवजी दिवेच का घेऊ नयेत? त्याने एका दीर्घिकेसाठी सदतीस आणि दुसरीसाठी सदतीस असे विजेचे छोटे दिवे अंधाऱ्या खोलीत मांडले. प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून कोणत्या बाजूने किती उजेड येतो ते मोजावयाचे, तेवढीच ओढ त्या बाजूची समजावयाची, त्या मानाने दिवा थोडासा सरकवावयाचा आणि पुन्हा मोजावयाचे. अशा धीम्या गतीने चौऱ्याहत्तर दिव्यांचा हा संसार त्याने चालविला. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात दिसून आले की, जवळून जाताना दोन्ही दीर्घिकांचे आकार बिघडतात, त्यांना भुजांसारखे फाटे फुटतात, आणि त्यांच्या गतीचा काही भाग ताऱ्यांच्या खळबळीत खर्ची पडल्यामुळे त्या एकमेकींच्या पकडीत सापडू शकतात. भेटीचा परिणाम केवळ ओझरता नसून ती गाठ कायमचीही होऊ शकते, हे येथे प्रथम दाखविले गेले.

१९५१ साली लायमन स्पिट्झर आणि वॉल्टर बाडे ह्यांनी एक पाऊल पुढे टाकले. दाट समूहांत दीर्घिका एकमेकींच्या आरपार जात असतील, तेव्हा तारे तर एकमेकांना न शिवता निघून जातील. पण वायूचे ढग एकमेकांवर आदळून तेथेच मागे राहतील, असे त्यांनी मांडले. मग आरपार गेलेली दीर्घिका वायूविना, म्हणजे भविष्याविना, पुढे जाईल. समूहांत भिंगाकार दीर्घिकांचा सुळसुळाट का, ह्याचे हे पहिले कारणयुक्त उत्तर होते.

ह्याच सुमारास हंस तारकासमूहातील एक अत्यंत प्रबळ रेडिओ उगम सर्वांना कोड्यात टाकीत होता. पालोमार येथील मोठ्या दुर्बिणीतून त्या जागी जुळ्यासारखी दिसणारी एक दीर्घिका आढळली. ही दोन दीर्घिकांची टक्कर आहे असा बाडेने निर्वाळा दिला. त्याचा मित्र रुडॉल्फ मिन्कोव्स्की साशंक होता. मद्याच्या एका बाटलीवर पैज लागली. वर्णपटात खवळलेल्या वायूच्या रेषा दिसल्या आणि मिन्कोव्स्कीने हार मानली. १९५४ साली दोघांचा प्रबंध निघाला आणि विश्वातील रेडिओ गोंगाट म्हणजे दीर्घिकांच्या टकरी, ही कल्पना सर्वत्र पसरली. पण तिला छेद देणारा वेध आधीच घेतला गेला होता. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि कलकत्त्याहून तेथे गेलेले मृणालकुमार दासगुप्ता ह्यांनी १९५३ साली दाखविले होते की, हा रेडिओ किरणोत्सर्ग दीर्घिकेतून येत नसून तिच्या दोन बाजूंना, तिच्यापासून दूर असलेल्या दोन ठिकाणांहून येतो. ही किमया दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराची आहे, असे आज मानले जाते. पैज जिंकणारा चुकला होता. आणि अतिउत्साहाने उचललेली कल्पना एका ठिकाणी फसली की तिच्याविषयी सर्वच ठिकाणी अविश्वास उत्पन्न होतो. टकरींच्या अभ्यासालाही तेच भोवले.

तरी काही चिकाटीची माणसे बाजूला टाकलेल्या वेड्यावाकड्या दीर्घिकाच गोळा करीत राहिली. मॉस्कोत वोरोन्त्सोव्ह-वेल्यामिनोव्ह ह्यांनी १९५९ साली परस्परांवर परिणाम करणाऱ्या ३५५ दीर्घिकासंस्थांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. अमेरिकेत हॉल्टन आर्प ह्यांनी १९६६ साली ३३८ विक्षिप्त दीर्घिकांचा असाच संग्रह काढला. त्यांतील छायाचित्रे पाहताना मन थक्क होते. कोणाला लांबलचक शेपटी, कोणामध्ये पूल, कोणाभोवती कडे. पण आश्चर्य असे की, ह्या दोघाही संग्राहकांचा गुरुत्वाकर्षणावर भरवसा नव्हता. एवढ्या बारीक, एवढ्या लांब शेपट्या नुसत्या ओढीने कशा निघतील, असा त्यांचा प्रश्न होता.

आर्प तर त्याही पुढे गेले. स्तेफाँच्या त्या पाच दीर्घिकांपैकी एकीचा वर्णपट १९६१ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज ह्या दांपत्याने तपासला, तेव्हा तिचा वेग इतर चौघींच्या मानाने फारच कमी निघाला. आर्प म्हणू लागले की, ह्या पाचही जणी खरोखर शेजारी आहेत आणि वर्णपटातील तांबड्या सरकेवरून अंतर काढण्याची रीतच सदोष आहे. ह्या शंकेला फ्रेड हॉईल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर ह्यांनी गांभीर्याने घेतले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मानले नाही. आज ह्या दीर्घिकेतील तारे सुटे सुटे ओळखता आले आहेत आणि ती सुमारे चार कोटी प्रकाशवर्षांवर, तर उरलेल्या चौघी सुमारे एकोणतीस कोटी प्रकाशवर्षांवर आहेत, असा निर्णय झाला आहे. एक वाटसरू छायाचित्राच्या चौकटीत आला, एवढेच. ह्या बाबतीत आर्प चुकले. पण त्यांनी जमविलेला चित्रसंग्रह पुढच्या पिढीची शिदोरी ठरला. शेजार ओळखण्यातही फसगत होऊ शकते, हा धडाही त्यातून मिळाला.

मग उजाडले १९७२ साल. ॲलर आणि युरी टूमरे हे एस्टोनियात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले दोघे बंधू. होल्मबर्गने जे दिव्यांनी केले ते त्यांनी गणकयंत्रावर केले. गणित अगदी साधे होते. दोन जड केंद्रे आणि त्यांभोवती फिरणारे शे-सव्वाशे हलके कण, बस्स. केंद्रे एकमेकांजवळून संथपणे नेली की कणांचे काय होते, ते पाहावयाचे. आणि पडद्यावर आर्पच्या संग्रहातील चित्रे एकामागून एक उमटली! रहस्य भरतीओहोटीत होते. चंद्र पृथ्वीवरील समुद्राची जवळची बाजू अधिक ओढतो आणि दूरची कमी. म्हणून फुगवटा समोरही येतो आणि पाठीमागेही. दीर्घिकांच्या भेटीतही तसेच होते. समोरच्या फुगवट्याचा पूल होतो आणि पाठीमागच्या फुगवट्याची शेपटी. भेट जर सावकाश झाली आणि दीर्घिकेचे स्वतःचे फिरणे पाहुणीच्या जाण्याच्या दिशेशी जुळले, तर ओढ दीर्घकाळ लागून शेपटी लांबच लांब निघते. हस्त तारकासमूहातील मिशाळ जोडी, अरुंधती केशातील उंदरांची जोडी, आणि लॉर्ड रॉसने पाहिलेला तो भोवरा व त्याचा सोबती, ह्या सर्वांचा उलगडा टूमरे बंधूंनी केला. सव्वाशे वर्षांपूर्वी रेखाटलेल्या चित्रातील दुर्लक्षित अर्धा भाग आता बोलू लागला.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, अशा भेटीनंतर दोन सर्पिल दीर्घिका अखेर एकजीव होतील आणि त्यांची लंबवर्तुळाकार दीर्घिका बनेल. भेटीत वायू दाबला जाऊन नव्या ताऱ्यांचा एकच हंगाम येत असला पाहिजे, ही अटकळही त्यांनी केली होती. रिचर्ड लार्सन आणि बिअट्रिस टिन्स्ली ह्यांनी १९७८ साली साध्या दीर्घिकांचे रंग आणि आर्पच्या विक्षिप्त दीर्घिकांचे रंग शेजारी शेजारी मांडून ती खरी ठरविली. विक्षिप्त दीर्घिकांत अलीकडेच ताऱ्यांचा पाऊस पडून गेल्याच्या खुणा होत्या. टिन्स्ली ह्या अत्यंत बुद्धिमान विदुषी १९८१ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी निवर्तल्या. दीर्घिका जन्मतात तशाच राहत नाहीत, त्यांना वय असते, हे ज्यांनी ठासून सांगितले त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

परंतु आता एक नवी अडचण उभी राहिली. संथ भेटीने दीर्घिका एकरूप होतात हे खरे. पण अरुंधती केशासारख्या दाट समूहात तर त्या सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने धावतात. तेथे संथ भेट कोठून होणार? आगगाडीच्या फलाटावरच्या गर्दीत धक्के बसतात, सोयरिकी जुळत नाहीत. सोयरिकी जुळतात त्या पाच-दहा घरांच्या वाडीवर, जेथे वेग बेताचा आणि सहवास दीर्घ. म्हणजे दाटी ही एकच एक गोष्ट नव्हे; दाटीदाटीत फरक आहे.

मोठ्या समूहांचे कोडे सोडविणारा धागा त्याच सुमारास अगदी निराळीकडून आला. केनियाच्या किनाऱ्यावरून १२ डिसेंबर १९७० रोजी, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, क्ष-किरणांचा वेध घेणारा उपग्रह सोडण्यात आला. त्याचे नाव ‘उहुरू’. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. त्याला दिसले की, दाट समूह क्ष-किरणांनी झळाळत आहेत. दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसून तेथे कोट्यवधी अंश तापलेला, अतिविरळ वायू भरलेला आहे. आणि सगळा मिळून तो दीर्घिकांतील साऱ्या ताऱ्यांपेक्षाही वजनाने अधिक आहे. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट ह्यांनी १९७२ मध्येच हिशेब मांडला की, ह्या वायूतून भरवेगाने जाणाऱ्या दीर्घिकेला जणू समोरून वादळी वारा लागेल आणि तिच्या अंगचा वायू मागे उडून जाईल. धावत्या गाडीच्या दारात उभे राहणाऱ्याची टोपी उडावी तसा. आज मागे वायूचे लांब पदर सोडीत जाणाऱ्या अशा दीर्घिकांची छायाचित्रे उपलब्ध आहेत; जेलीफिशसारख्या दिसतात म्हणून त्यांना नावही तेच पडले आहे. पुढे १९९६ साली बेन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, असंख्य ओझरत्या धक्क्यांनीही लहान दीर्घिकेची घडी विस्कटून जाते. एक धक्का कोणी मनावर घेत नाही. पण रोजच्या धक्क्यांनी माणूस बदलतो.

ह्या सर्व विचारांना आकड्यांचा आधार दिला तो ॲलन ड्रेस्लर ह्यांनी. १९८० साली त्यांनी पंचावन्न समूहांतील सुमारे सहा हजार दीर्घिकांची एकेक करून जात ओळखली आणि प्रत्येकीभोवती शेजाऱ्यांची दाटी किती तेही मोजले. शेजाराला रकाना मिळाला! निष्कर्ष स्वच्छ होता. मोकळ्या अवकाशात शेकडा ऐंशीच्या आसपास दीर्घिका सर्पिल. दाटी वाढत जाते तसे त्यांचे प्रमाण घटत जाते आणि अतिदाट गाभ्यात ते शेकडा दहावर येऊन ठेपते. हबलने १९३१ साली जाता जाता लिहिलेले वाक्य आता नियम झाले होते. त्याच्या दोनच वर्षे आधी हार्वे बुचर आणि ऑगस्टस एम्लर ह्यांना आढळले होते की, अतिदूरच्या, म्हणजे ज्यांचा प्रकाश चार-पाच अब्ज वर्षांपूर्वी निघाला अशा समूहांत निळ्या, जोमदार दीर्घिका आजच्यापेक्षा अधिक आहेत. समूहांनी आपले रहिवासी काळाच्या ओघात बदलले, असाच त्याचा अर्थ.

ह्या कार्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण हायड्रोजन वायूचा मंद संदेश टिपते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील अमितेश ओमर आणि के. एस. द्वारकानाथ ह्यांनी यमुना तारकासमूहाच्या दिशेला असलेला एक लहानसा दीर्घिकागट तिच्या साहाय्याने तपासला. मोठ्या समूहातील तप्त वादळ येथे नव्हते. तरीही गटातील जेथे दाटी अधिक तेथील दीर्घिकांच्या अंगी वायू कमी पडलेला दिसला, आणि परस्परांची भरतीओढ हेच त्याचे कारण असावे असे त्यांनी २००५ साली मांडले. पुष्कळ दीर्घिका मोठ्या समूहात शिरण्यापूर्वी अशा छोट्या वाड्यांत राहून आलेल्या असतात; शहरात येण्यापूर्वीच त्यांच्यावर संस्कार झालेले असतात. २०१७ साली पुण्यातील शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर, समूहांचा एक महासमूह शोधला. त्याचा विस्तार साठ कोटी प्रकाशवर्षांचा. नाव ठेविले ‘सरस्वती’. नद्यांच्या संगमांवर गावे वसावीत तसे विश्वातील द्रव्यप्रवाहांच्या संगमांवर हे समूह वसतात.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? जन्म की सहवास? इतिहास सांगतो की, दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे आहेत. लाखो दीर्घिकांच्या अलीकडील मोजणीवरून इंज्ये पेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखविले की, दीर्घिकेचे स्वतःचे वजन आणि तिचा शेजार ही दोन्ही कारणे तिची तारेनिर्मिती थांबवितात, आणि त्यांचे परिणाम वेगवेगळे करून दाखविता येतात. अतिशय जड दीर्घिका एकान्तातही विझते. हलकी दीर्घिका मात्र बहुधा गर्दीमुळे विझते. जे भारदस्त ते आपल्याच भाराने थकतात, आणि जे लहान ते शेजाऱ्यांच्या ओढाताणीत आपली पुंजी गमावतात. येथे मला जनगणनेतील कुटुंबे आठवल्यावाचून राहत नाही. परंतु उपमेला तिच्या जागी ठेवलेले बरे. एका उपमेने, बेटाच्या उपमेने, विद्वानांना अर्धशतक अडवून धरले होते. दुसऱ्या उपमेने तेच करू नये.

शेवटी आपल्या घरी येऊ. आपली आकाशगंगा मोठ्या समूहात नाही. ती एका लहान वाडीवर राहते. तरी तिचा इतिहास निवांत नाही. सुमारे आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी तिने एक बरीच मोठी दीर्घिका आपल्यात सामावून घेतल्याच्या खुणा २०१८ साली ताऱ्यांच्या गतीवरून सापडल्या. धनू राशीच्या दिशेला एक बटुदीर्घिका आजही तिच्या ओढीने उसवत चालली आहे. तिचा शोध १९९४ साली लागला. आणि देवयानी? १९१२ साली व्हेस्टो स्लायफर ह्याने तिचा वेग मोजला तेव्हाच ती आपल्याकडे येत असल्याचे दिसले होते. दोन दीर्घिकांमधील अंतर सेकंदाला सुमारे एकशेदहा किलोमीटरने कमी होत आहे. २०१२ साली सांगण्यात आले की, चारेक अब्ज वर्षांनी टक्कर अटळ आहे. २०२५ साली शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात धरून गणित पुन्हा मांडले गेले, तेव्हा येत्या दहा अब्ज वर्षांत ही गाठ पडण्याचा संभव निम्माच निघाला. दोघीच असत्या तर भविष्य सरळ होते. इतर शेजाऱ्यांना मोजताच ते अनिश्चित झाले.

ह्या कथेचा शेवट असा अनिश्चित व्हावा, ह्यात मला औचित्य वाटते. एकेकटी दीर्घिका मोजणे सोपे होते. म्हणून ती एकेकटीच राहते असे आपण मानले. मग कोणी तिखट जिभेने, कोणी चौऱ्याहत्तर दिव्यांनी, कोणी टाकाऊ ठरलेली चित्रे जपून, तर कोणी सहा हजार दीर्घिकांची पुनश्च शिरगणती करून शेजाराचा रकाना भरून काढला. सुदैवाने आकाशाची जनगणना अद्याप संपलेली नाही. आणि पुढच्या दाराकडे वळण्यापूर्वी शेजारच्या दारावर काय चालले आहे तिकडे कान देण्याची सवय तिच्या प्रगणकांना आता लागली आहे.